ड्रायव्हरदादा, तुमच्या चष्म्याबद्दल

ड्रायव्हरदादा,

तुमचा चष्मा माझ्या नाकावर फार तर दोन मिनिटं होता. सांगलीला परत येऊन तीन आठवडे झाले, तरी सकाळी चष्मा पुसायला घेतला की तुम्ही आठवता. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि पोचलं तरी तुम्हाला वाचता यायचं नाही. पण नातू म्हणाला, तरी लिहा आजोबा.

शिकागोतल्या तुमच्या त्या त्रेचाळिसाव्या रस्त्यावर मी आणि नातू एक लपवलेली डबी शोधायला तिसऱ्यांदा आलो होतो, हे सांगायचं राहिलंच. पहिल्यांदा लेकीच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी गाडीतून आणलं. शिकागोच्या उपनगरात वीस वर्षं राहतात. शहराच्या तुमच्याकडच्या दक्षिण भागाला साउथ साइड म्हणतात. ‘साउथ साइडला मी अजून एकदाही पाऊल ठेवलेलं नाही’ हे ते अशा थाटात सांगत होते, जशा कुणी पंढरीच्या वाऱ्या मोजून दाखवाव्यात. काचा वर, दारं लॉक, इंजिन चालू आणि पाच मिनिटांत हॉर्न. पोरगं रडवेलं होऊन गाडीत बसलं. दुसऱ्या खेपेला एका दुकानदारानं हटकलं. त्याचं चुकलं असं म्हणत नाही. एक म्हातारा आणि एक पोर खांब चाचपत हिंडताना दिसले तर कुणालाही शंका येईल. ज्यानं ती डबी लपवली, त्याला नातवानं दोनदा निरोप धाडला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

त्या डबीचा खेळ मलाही तिकडे गेल्यावरच कळला. जिओकॅशिंग म्हणतात. उपग्रहानं दाखवलेल्या आकड्यांवर जायचं, लपवलेली डबी हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होती तिथे ठेवून द्यायची. म्हणजे मिळत काहीच नाही! मे २००० मध्ये अमेरिकी सरकारनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनात एकानं रानात बादली पुरून हा खेळ सुरू केला, असं नातू सांगतो. आमची डबी बादलीएवढी असती तर काय हवं होतं. ही होती करंगळीच्या टोकाएवढी, मागे लोहचुंबक. तिला ‘नॅनो’ म्हणतात.

नातवाला हीच डबी हवी होती, कारण तो गिटार शिकतो आणि तिथे पूर्वी चेकरबोर्ड लाउंज होता. १९७२ साली गिटारवादक बडी गाय यांनी भागीदारीत उघडलेला ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांचा क्लब. २२ नोव्हेंबर १९८१ च्या रात्री विलायतेतला रॉक बँड रोलिंग स्टोन्सवाले तिथे येऊन ब्लूजचे मोठे गायक मडी वॉटर्स यांच्याबरोबर गायले, हे पोरानं मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही सांगेन. आता तिथे क्लब नाही. तपकिरी पाटीवर रस्त्याला मडी वॉटर्स यांचं नाव तेवढं आहे.

तुम्ही घडीच्या खुर्चीत बसून आमची शोधाशोध बघत होतात. मला वाटलं, आता हेही हटकणार. तुम्ही उठलात, आमच्याकडे पाठ केलीत आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आमच्यावर पडू नये म्हणून! हा खेळ तुम्हाला कुणी शिकवला होता कोण जाणे. डबी नातवालाच सापडली. (कुठल्या खांबाला ते सांगत नाही. खेळाचा नियम आहे.)

आतून निघाली काडीपेटीच्या काडीएवढी कागदाची सुरळी. आणि माझा चष्मा राहिला होता आगगाडीत. नातू सहज म्हणाला, द्या इकडे, मी लिहितो तुमचं नाव. त्यात वावगं काही नव्हतं. पण तुम्ही वळलात, त्याच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलंत आणि काहीतरी बोललात. नातवानं मराठीत सांगितलं, “आजोबा, ते म्हणतात, त्यांचं नाव त्यांना लिहू दे.” मग स्वतःचा चष्मा काढलात, शर्टाच्या टोकानं पुसलात आणि माझ्या कानांवर नीट अडकवलात. मी लिहीपर्यंत तुम्ही डोळे बारीक करून, बिनचष्म्याचे, समोर बघत उभे.

साठी उलटल्यापासून माझी सगळी कामं दुसरेच उरकतात. फॉर्म लेक भरते, पैसे जावई देतो, मोबाइल नातू चालवतो. प्रेमानंच करतात, तक्रार नाही. पण मला लिहू द्यायला तुमच्याशिवाय कुणी थांबलं नव्हतं.

मग तुमची नोकरी कळली. तुम्ही सीटीएचे, म्हणजे शिकागोच्या शहर बससेवेचे ड्रायव्हर, मी एसटीचा कंडक्टर! नातवाला दुभाषेपणा करता करता धाप लागली. त्यानं आशेनं विचारलं, स्टोन्स आले त्या रात्री तुम्ही आत होता का? शिकागोत जो भेटेल तो हो म्हणत असणार. तुम्ही म्हणालात, नाही बाळा, ड्युटीवर होतो. मडी वॉटर्ससुद्धा १९४३ मध्ये दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातून शिकागोला आले तेव्हा दिवसा ट्रक चालवायचे, हे सांगताना मात्र तुमची मान जरा ताठ झाली. आमच्या सातारा-सांगलीची माणसंही अशीच पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली ती भजनं आणि ढोलकी घेऊनच. ब्लूज मला कळत नाही, पण हे कळलं.

बडी गाय लुइझियानाहून आले तेव्हा उपाशी होते आणि मडी वॉटर्स यांनी आधी त्यांना सॅलमीचं सँडविच खायला घातलं, ही गोष्टही तुमचीच. बडी गाय स्वतः ती सांगतात म्हणे. गाडीच्या काचा वर करून बसलेल्यांना ती कुणी सांगितली नसावी.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. म्हणून कागदावर आम्हा दोघांच्या नावांखाली मी मराठीत ‘ड्रायव्हर’ असं लिहिलंय. सुरळी परत त्या डबीत बसेना, नातवानं दोनदा प्रयत्न केला. मग मी घेतली. तीस वर्षं तिकिटं हाताळलेली बोटं माझी, एका दमात बसवली. तुम्ही खुर्चीच्या दांडीवर दोनदा टकटक केलीत. तुमच्याकडे त्याचा अर्थ काय ते ठाऊक नाही. आमच्याकडे डबल बेल म्हणजे गाडी सोडा. आम्ही स्टेशनकडे निघालो.

तुमचा,
निवृत्त वाहक, सांगली