इटली वाचायची तर मतदारयादीपासून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘मुसोलिनीने रोमवर चाल करून सत्ता हिसकावली’ असे वाक्य होते. मराठीत ते इतक्यांदा छापले गेले आहे की कुणाला खटकतही नाही. 28 ऑक्टोबर 1922 रोजी मुसोलिनीचे काळे शर्टवाले फॅसिस्ट स्वयंसेवक रोमच्या आसपास पावसात भिजत थांबले होते, हे खरे. पण लष्करी कायद्याच्या हुकमावर सही करायला राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने नकार दिला, मुसोलिनीला बोलावणे धाडले आणि हा गडी मिलानहून रात्रीच्या रेल्वेने, झोपायच्या डब्यातून रोमला आला. 535 जणांच्या सभागृहात त्याच्या पक्षाचे चाळीससुद्धा सभासद नव्हते. तरी नोव्हेंबरात 306 विरुद्ध 116 मतांनी विश्वासठराव संमत झाला. सत्ता हिसकावली गेली नाही, हातात आणून दिली गेली. ती का दिली गेली, हे समजून घेणे म्हणजेच आधुनिक इटलीचा अभ्यास.

मराठी वाचकाला मॅझिनी ठाऊक आहे, तो सावरकरांच्या 1907 च्या भाषांतरामुळे. गॅरिबाल्डी त्याच्या मागोमाग येतो. मग थेट मुसोलिनीवर उडी. मधली साठ वर्षे कोरी! ठाणे-नवी मुंबईत एमएसाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी जागतिक इतिहास घेणारी मुलेही चरित्रांपासूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. आमचे सांगणे असे की, आधी मत कुणाला होते ते पाहा.

1861 मध्ये राज्य एक झाले तेव्हा मतदानासाठी पुरुष असणे, वय 25, लिहितावाचता येणे आणि वर्षाला 40 लिरा प्रत्यक्ष कर भरणे, एवढे सगळे लागे. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्येत मतदार निघाले जेमतेम सव्वाचार लाख. 1882 मध्ये वय 21 वर आणि कर 19.80 लिरांवर आला, प्राथमिक शाळेची दोन वर्षे झालेल्याला कराची अटही उरली नाही, आणि यादी वीस लाखांवर गेली. 1912 मध्ये तिशी ओलांडलेल्या निरक्षर पुरुषालाही मत मिळाले. एवढ्या लोकांची मते गोळा करायला पक्षयंत्रणा लागते, आणि ती समाजवाद्यांकडे होती, पुढे कॅथलिकांच्या पक्षाने उभारली. जुन्या उदारमतवादी पुढाऱ्यांकडे आपापल्या भागातली ओळखपाळख तेवढी होती. 1919 मध्ये मतांच्या प्रमाणात जागा देणारी प्रमाणशीर पद्धत आली आणि या पुढाऱ्यांचे बहुमत गेले ते गेलेच. बहुमत जुळेना म्हणून त्यांनी फॅसिस्टांना सोबत घेतले. वापरून घेऊ आणि मग बाजूला सारू, असा हिशेब. 1923 च्या आचेर्बो कायद्याने 25 टक्क्यांवर मते मिळवणाऱ्या सर्वांत मोठ्या उमेदवार-यादीला दोन तृतीयांश जागा बहाल केल्या. 1924 च्या निवडणुकीतील दांडगाई समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांनी 30 मे रोजी सभागृहात मांडली आणि 10 जूनला त्यांचे अपहरण झाले, त्यातच त्यांचा खून झाला.

1929 च्या मतदानात फॅसिस्टांनी ठरवलेली उमेदवारांची एकच यादी मान्य की अमान्य एवढेच सांगायचे होते आणि त्यासाठी मतदाराला दोन कागद मिळत. ‘हो’चा तिरंगी, ‘नाही’चा पांढरा. एक पेटीत टाकायचा आणि दुसरा केंद्रावरच परत द्यायचा. घडी केली तरी रंग बाहेरून ओळखू येई. ‘हो’ म्हणणारे 98 टक्के निघाले यात नवल नाही. हा आकडा ‘लोकप्रियते’चा पुरावा म्हणून कुणी दिला, तर आधी या दोन कागदांबद्दल विचारावे.

आता भाषेचे खड्डे. फॅसिस्ट काळातला ‘कॉर्पोरेशन’ हा शब्द वाचून आपल्याकडे महापालिका डोळ्यांसमोर येते, किंवा एखादी कंपनी. 1934 मध्ये स्थापलेली 22 कॉर्पोरेशने म्हणजे एकेका उद्योगातील मालक आणि कामगार यांना सरकारी देखरेखीखाली एकत्र बसवणारी मंडळे. खऱ्या पालिकेला तिथे ‘कोमूने’ म्हणतात. 1926 पासून तिच्यावर निवडलेल्या महापौराऐवजी नेमलेला ‘पोदेस्ता’ बसू लागला. आपण प्रशासकांची वर्षे पाहिलेली असल्याने हे पटकन कळते, पण प्रशासक निवडणूक होईपर्यंतचा, पोदेस्ता निवडणूकच मोडीत काढून आणलेला. ‘त्रास्फॉर्मिस्मो’चे भाषांतर ‘आयाराम-गयाराम’ करणेही तसेच फसवे. 1880 च्या दशकात आजच्या अर्थाने पक्षच नव्हते, मग पक्षांतर कुठले? तेव्हाचे पंतप्रधान देप्रेतिस विरोधकांना गरजेप्रमाणे बहुमतात सामावून घेत, एवढाच त्याचा अर्थ.

कागदपत्रांवरील तारखा आणखी चकवतात. फॅसिस्ट वर्ष ऑक्टोबरअखेर सुरू होई आणि रोमन अंकांत लिहीत. त्या अंकात 1922 मिळवले की इसवी सन येतो, मात्र नोव्हेंबर-डिसेंबरच्या कागदावर त्यातून एक वजा करायचा. 17 नोव्हेंबर, वर्ष 17 : बेरीज 1939, वजा एक, म्हणजे 1938. हा ज्यूविरोधी वंशकायद्याचा दिवस. एक वजा करायचे राहिले, तर तो कायदा महायुद्ध सुरू झाल्यानंतरचा ठरतो आणि सगळा युक्तिवाद उलटा होतो. आकड्यांमध्येही टिंब हजार तोडायला आणि स्वल्पविराम दशांशासाठी वापरतात, आपल्या उलट. ‘मिलियार्दो’ म्हणजे एक अब्ज. ‘नोवेचेंतो’ म्हणजे शब्दशः नऊशे, पण अर्थ 1900 ची शंभर वर्षे.

समाजेतिहासात सर्वाधिक चुका स्थलांतराच्या आकड्यांत होतात. 1939 च्या एका कायद्याने 25 हजारांवर वस्तीच्या शहरात नोकरी असल्याशिवाय रहिवासाची नोंद होत नसे, आणि नोंद नसेल तर रोजगार कचेरीत नाव लागत नसे. रेशनकार्डासाठी पत्ता आणि पत्त्यासाठी रेशनकार्ड, हा फेरा ठाणेकरांना समजावून सांगायला नको. हा कायदा 1961 पर्यंत टिकला. तोवर दक्षिणेतून उत्तरेकडच्या तोरिनोच्या (ट्यूरिनच्या) कारखान्यांत आलेले हजारो लोक कागदावर गावीच राहत होते. कायदा उठताच नोंदींना भरती आली. आलेखात तो उंचवटा दिसला की ‘1961-62 मध्ये लोंढा आला’ असे लिहून मोकळे होऊ नये, त्यातले बरेच जण आधीच आलेले होते. आपल्याकडे वागळे इस्टेटीत सातारा-कोल्हापूरकडचे लोक येत होते, त्याच सुमाराची ही गोष्ट. दोन्हींची तुलना करू पाहणाऱ्याने शिरगणतीचे वेळापत्रकही तपासावे : तिथे 1891 आणि 1941 ची गणना झालीच नाही, 1936 ची मात्र जादा झाली.

नवख्याने सुरुवात 2 जून 1946 पासून, म्हणजे राजेशाही की प्रजासत्ताक यावरच्या सार्वमतापासून करावी. तिथल्या गृहखात्याने त्या दिवसापासूनचे निवडणूक निकाल संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत आणि इटालियन जुजबी येत असली तरी तक्ते वाचता येतात. प्रजासत्ताकाला 1 कोटी 27 लाख, राजेशाहीला 1 कोटी 7 लाख. एवढ्यावर थांबू नये, विभागवार उतरावे : उत्तरेतल्या त्रेंतोत प्रजासत्ताकाला 85 टक्के, दक्षिणेतल्या नेपल्स-कासेर्तात 21. देश एक होऊन 85 वर्षे झाल्यावरचे हे चित्र आहे. बोल्झानो आणि त्रिएस्ते नकाशावर रिकामे दिसले तर माहिती गहाळ झाली असे समजू नये, तिथे तेव्हा मतदानच झाले नव्हते. राष्ट्रीय पातळीवर स्त्रिया प्रथमच मत देत होत्या. मतपत्रिका जिभेने ओली करून चिकटवायची असल्याने एका मोठ्या दैनिकाने त्यांना ओठांना लाली लावून येऊ नका असे बजावले होते, कारण डाग पडला की मत बाद.

शेवटी आपल्या मुद्रितशोधकांसाठी एक विनंती. पंतप्रधान Giolitti म्हणजे ‘जिओलिटी’ नव्हे, जोलित्ती. ‘जी’नंतरच्या ‘आय’चा स्वतंत्र उच्चार होत नाही. कम्युनिस्ट विचारवंत Gramsci म्हणजे ‘ग्रामची’ नव्हे, ग्राम्शी. पुरवणीत मात्तेओत्तींचे नाव एकाच पानावर तीन प्रकारे आले होते.

आपले,
काही वाचक, नौपाडा, ठाणे (प.)