जादा गोळ्यांचे मॅगझिन आणि भरवशाचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील शस्त्रपरवान्यांविषयी आलेला लेख मी इथे, फिलाडेल्फियाच्या उपनगरात, वाचला. त्यातली कायद्याची माहिती बहुतांशी चोख होती. मात्र जादा गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनचा, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीचा, विषय लेखकाने दोन वाक्यांत उरकला आणि असे मॅगझिन विकत घेणारा माणूस एक तर माथेफिरू असणार किंवा दिखाऊ, असा सूर लावला. इथे रीतसर परवाना काढून पिस्तूल बाळगणाऱ्यांत मराठी माणसेही आहेत. मी त्यांतलाच एक, आणि व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर असल्यामुळे या सुट्या भागाकडे यंत्राचा भाग म्हणून पाहण्याची मला सवय आहे. त्या नजरेला दिसते ते असे, की गोळ्यांची संख्या ही अशा मॅगझिनमध्ये सगळ्यात शेवटी पाहण्याची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेली असते.

मॅगझिनचे भाग मोजकेच असतात: बाहेरची नळी, आतली स्प्रिंग, स्प्रिंगवर बसून गोळ्या वर ढकलणारा फॉलोअर, तळाची बेसप्लेट आणि तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा, ज्यांना फीड लिप्स म्हणतात. गोळी सुटली की पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधली वरची गोळी ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे गोळी जिथून झाडली जाते त्या कप्प्यात, नेते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी उरकते. तेवढ्या अवधीत स्प्रिंगने खालच्या गोळ्यांची अख्खी चळत वर उचलून पुढची गोळी ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या कोनात आणून ठेवायची असते. पिस्तूल जितके लहान, तितकी स्लाइड हलकी आणि तिची ये-जा तोकडी, म्हणजे स्प्रिंगच्या वाट्याला येणारा वेळही तितकाच कमी. ९ मिलिमीटरचे भरलेले काडतूस साधारण १२ ग्रॅम भरते. त्यामुळे पाच गोळ्या वाढवल्या की त्याच स्प्रिंगला ६० ग्रॅम वजन जास्त उचलावे लागते. पिस्तूल अडते तेव्हा जाणकार आधी मॅगझिन बदलून पाहतात, ते उगाच नव्हे.

उदाहरणादाखल ग्लॉक ४३एक्स हे पिस्तूल घेऊ. २०१९ साली बाजारात आलेले हे चपटे पिस्तूल कमरेला लपवून बाळगण्यासाठी लोकप्रिय आहे आणि त्याच्यासोबत १० गोळ्यांचे मॅगझिन येते. ग्लॉकच्या मॅगझिनची नळी प्लॅस्टिकची असून आत पोलादाचे अस्तर असते, त्यामुळे तिची भिंत जाड होते. बाहेरच्या कंपन्यांनी हे हेरले आणि नुसत्या पातळ पोलादाची नळी करून त्याच मुठीत, खाली काहीही बाहेर न डोकावता, १५ गोळ्या बसवल्या. कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही. पण पिस्तुलात मॅगझिन धरून ठेवणारी कळ, म्हणजे मॅगझिन कॅच, ग्लॉकमध्ये प्लॅस्टिकची असते आणि पोलादाची धार तिला हळूहळू खाते. म्हणून अशा मॅगझिनसोबत पोलादाची कळ बसवायला सांगितले जाते. ती बसवली, की मूळ प्लॅस्टिकच्या मॅगझिनची खाच झिजू लागते. म्हणजे आपण नुसते मॅगझिन विकत घेतलेले नसते, तर एका चालत्या जोडणीतला दुसरा भागही बदललेला असतो, आणि जुनी मॅगझिने त्यात आता किती दिवस साथ देतील हा नवा प्रश्न ओढवून घेतलेला असतो.

उलट सिग सॉअर पी३६५ या २०१८ च्या पिस्तुलासाठी मूळ कंपनीच १२ आणि १५ गोळ्यांची मॅगझिने विकते, तर ग्लॉक १९ मध्ये त्याच कंपनीच्या ग्लॉक १७ चे १७ गोळ्यांचे मॅगझिन थोडे खाली डोकावत व्यवस्थित चालते. जिथे अशी सोय आहे तिथे बाहेरच्या मालाकडे वळण्याला किमतीशिवाय दुसरे कारण मला दिसत नाही.

मॅगझिन हाती आले की गोळी झाडण्याआधी टेबलावरच बरेच काही कळते. कापसाचा बोळा फीड लिप्सच्या कडांवरून फिरवावा. धागा अडकला तर तिथे कंगोरा राहिला आहे, आणि तो पुंगळीला ओरखडेल. दोन्ही लिप्सची उंची सारखी आहे का, हे उजेडासमोर आडवे धरून पाहावे. रिकाम्या मॅगझिनमधला फॉलोअर बोटाने दाबून सोडावा. तो तिरका होऊन अडकत असेल तर पुढे जाऊच नये. मग पूर्ण भरून वरची गोळी अंगठ्याने दाबावी. ती आणखी थोडी खाली गेलीच पाहिजे. ती दगडासारखी घट्ट बसली असेल, तर पाकिटावरची संख्या गाठण्यासाठी स्प्रिंग अखेरच्या टोकापर्यंत दाबली गेली आहे असे समजावे. स्प्रिंग भरून ठेवल्याने मरते, ही इथल्या रेंजवरची, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागेवरची, आवडती दंतकथा आहे. नीट बनवलेली स्प्रिंग भरून ठेवल्याने फारशी थकत नाही, ती थकते वारंवार दाबण्या-सोडण्याने. मात्र तिच्या मर्यादेपलीकडे दाबलेली स्प्रिंग निराळी. ती बसकण मारते आणि पुन्हा पूर्ण उठत नाही.

यानंतर, रेंजवर आणि पिस्तुलाची नळी सुरक्षित दिशेला ठेवून, स्लाइड बंद असताना पूर्ण भरलेले मॅगझिन मुठीत सारून पाहावे. वरच्या गोळीला खाली दबायला जागा नसेल तर कळ लागत नाही, वापरणाऱ्याला मात्र ती लागल्यासारखी वाटते, आणि पहिल्या गोळीनंतर मॅगझिन पायाशी पडते. स्लाइड मागे अडकवून मॅगझिन जोरात ठोकले तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. मुठीपेक्षा लांब मॅगझिन प्रमाणाबाहेर वर घुसून आतल्या इजेक्टरवर, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर उडवणाऱ्या भागावर, आदळू शकते. कळ दाबल्यावर रिकामे मॅगझिन स्वतःच्या वजनाने खाली पडावे, ओढून काढावे लागू नये. भरलेले मॅगझिन काँक्रीटवर पडले तर बेसप्लेट निसटून गोळ्या चहूकडे पांगतात का, हा प्रयोग पुष्कळ जण टाळतात, कारण नव्या वस्तूला पोचा पडतो. माझ्या मते ज्याला पोच्याची भीती वाटते त्याने ती वस्तू शोकेसमध्ये ठेवावी.

प्रत्यक्ष झाडून पाहताना सरावाच्या गोल नाकाच्या स्वस्त गोळ्यांवर थांबता येत नाही. स्वसंरक्षणासाठी बाळगतात त्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या, गोळ्यांचे नाक रुंद आणि बोथट असते, आणि फीड लिप्सचा कोन थोडा जरी चुकला तरी तेच नाक चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर ठेचते. इथले अनेक प्रशिक्षक बाळगायच्या मॅगझिनमधून दोनेकशे गोळ्या एकही अडथळा न येता गेल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका, असे सांगतात. दारूगोळ्याचा भाव पाहता हा सल्ला महाग आहे, पण तो मला पटतो. मी एका कंपनीचे असे मॅगझिन घेतले तेव्हा वरच्या दहा-बारा गोळ्या तक्रार न करता गेल्या. शेवटच्या एक-दोन गोळ्यांना मात्र स्प्रिंगचा जोर संपे, गोळी नाक खाली घालून उताराखाली रुतून बसे, आणि कधी सगळ्या गोळ्या संपूनही स्लाइड मागे अडकत नसे, म्हणजे पिस्तूल रिकामे झाल्याचे हाताला कळतच नसे. दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा, हे उलगडले ते प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगाच्या पेनने क्रमांक घालण्याच्या सवयीमुळे. अडथळा दर वेळी एकाच क्रमांकाला येत होता. विक्रेत्याने मॅगझिन बदलून दिले. नवे बरे चालले, परंतु पहिल्याने बसवलेली शंका त्याला पुसता आली नाही.

लपवून बाळगण्याच्या दृष्टीने आणखी एक विसंगती आहे. शर्टाखाली पिस्तुलाची नळी लपते, उठून दिसते ती मूठ. लांब मॅगझिन लावणे म्हणजे मूठच लांबवणे, मग लहान पिस्तूल घेण्याचा हेतूच मागे पडतो. शिवाय मुठीचा तळ आणि लांब मॅगझिनच्या बाहेर राहणाऱ्या भागावर चढवलेली बाही यांच्यात फट राहिली, तर धक्क्यासरशी तळहाताची कातडी तिच्यात चिमटते. लांब मॅगझिन पट्ट्यावरच्या वेगळ्या पाऊचमध्ये राखीव म्हणून ठेवायला माझी हरकत नाही.

आता कायद्याविषयी, कारण माझ्या ओळखीतल्या मराठी मंडळींना सर्वाधिक धोका मला इथेच दिसतो. १९९४ च्या संघीय कायद्याने १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनच्या विक्रीवर बंदी आणली होती. ती १३ सप्टेंबर २००४ रोजी मुदत संपून गेली, आणि त्यानंतर हा विषय राज्याराज्यांवर राहिला. पेनसिल्व्हेनियात मर्यादा नाही. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत पाऊल टाकले की मर्यादा १०. तीही २०१८ मध्ये १५ वरून खाली आणलेली. आमच्याकडचे लोक न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर, भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, किराण्याला किंवा जेवायला म्हणून सहज जातात. गाडीच्या कप्प्यात १५ गोळ्यांचे मॅगझिन राहिले असेल, तर ते रिकामे होते किंवा त्यात दहाच गोळ्या भरल्या होत्या, असा बचाव करता येत नाही. मोजली जाते ती मॅगझिनची क्षमता. गुन्हा चौथ्या श्रेणीचा आणि शिक्षा १८ महिन्यांपर्यंत कैदेची. पेनसिल्व्हेनियाचा बाळगण्याचा परवानाही न्यू जर्सी मानत नाही, ही गोष्ट वेगळीच. कॉलराडो आणि इलिनॉय इथे पिस्तुलासाठी मर्यादा १५ आहे, डेलावेअर राज्यात १७. म्हणजे १५ गोळ्यांच्या मॅगझिनला दोन गोळ्या वाढवणारी एक चिमुकली बेसप्लेट लावली, की तेच मॅगझिन डेलावेअरमध्ये चालते आणि कॉलराडोत चालत नाही. दुकानदार हे सांगेलच, असे गृहीत धरू नये.

मर्यादेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला पोकळ वाटत नाही. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टूसॉन इथे ३३ गोळ्यांचे मॅगझिन लावलेल्या ग्लॉकने सहा जणांचा जीव घेतला, आणि हल्लेखोर मॅगझिन बदलू लागला तेव्हाच लोकांनी त्याला खाली पाडले. पुढच्या वर्षी कॉलराडोतल्या अरोरा इथल्या चित्रपटगृहात हल्लेखोराच्या रायफलचे १०० गोळ्यांचे ड्रम मॅगझिन मध्येच अडले नसते, तर मृतांचा आकडा बारावर थांबला नसता, असे पुष्कळांना वाटते. त्यानंतरच कॉलराडोने १५ ची मर्यादा आणली. या घटना डोळ्यांआड करून मॅगझिनविषयी बोलता येत नाही. पण कायद्याने काय असावे हा एक प्रश्न, आणि जे कायदेशीर आहे ते कंबरेला लावण्याजोगे आहे का हा दुसरा. आपल्या लेखात पहिल्याची चर्चा झाली, दुसऱ्याची झाली नाही. माझ्यापुरते सांगायचे तर पिस्तुलात मी मूळ कंपनीचे १० गोळ्यांचेच मॅगझिन ठेवतो. बाहेरचे मॅगझिन रेंजवरच्या सरावाला उत्तम, कारण पुन्हा पुन्हा भरण्याचा वेळ वाचतो आणि तिथे गोळी अडली तरी बिघडत नाही.

आपल्या वाचकांची मुले इथे एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असतील, तर त्यांनी या खरेदीच्या वाटेलाच जाऊ नये. काही मोजके अपवाद, उदाहरणार्थ शिकारीचा वैध परवाना, सोडल्यास तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डधारकाला ती नाही. रेंजवर वापरलेली पाठीवरची बॅग सुटीत मायदेशी येताना पुन्हा भरण्यापूर्वी तिचे सगळे कप्पे उलटे करून झटकावेत, हीही विनंती. इथे विमानाच्या हातातल्या सामानात रिकाम्या मॅगझिनलासुद्धा परवानगी नसते, आणि भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली शस्त्राचा सुटा भागही शस्त्रातच गणला जातो. अस्तरात राहून गेलेल्या एका जिवंत काडतुसापायी विमानतळावर गुन्हा नोंदवला गेल्याच्या बातम्या आपल्याच वृत्तपत्रांतून अधूनमधून येत असतात.

कळावे,
आपला एक वाचक,
फिलाडेल्फियाजवळ, पेनसिल्व्हेनिया
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)