हीटर चालू आहे तोवरच बदल

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा विषय नाही म्हणून नीट लिहितोय. तू म्हणतोस फिश टँकच्या हीटरला पाच वर्षं झाली, लाइट लागतो, पाणी कोमट आहे, मग बदलायचा कशाला? मला विचारशील तर बदल, आणि चालू आहे तोवरच बदल.

आपल्याला वाटतं हीटर गेला म्हणजे बंद पडणार, पाणी हळूहळू गार होणार, मासे सुस्त दिसले की कळेल आणि नवा आणू. तसं झालं तर नशीबच, कारण निदान हाताशी वेळ मिळतो. पण साध्या काचेच्या हीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि करंट तुटतो, गार झाली की परत जोडला जातो, आणि दर वेळी तिथे बारीकशी ठिणगी उडते. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की कॉन्टॅक्ट काळे, खडबडीत होतात आणि कधीतरी चिकटून बसतात ते सुटतच नाहीत. मग पाणी तापतच राहतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम आणि 30 अंशाला साडेसातच्या आसपास, आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. रात्रीत हे झालं तर सकाळी करण्यासारखं काही उरत नाही रे. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

वयाचं म्हणशील तर कोणी दोन-तीन वर्षं सांगतं कोणी पाच, मी नुसत्या वयावर जात नाही, पण तीन वर्षांनंतर लक्ष वाढवतो आणि पाचनंतर वाद घालत नाही. काचेच्या आत वाफ किंवा थेंब दिसले तर मात्र वय बघायचंच नाही, सील गेलंय, आधी प्लग काढ, मगच पाण्यात हात घाल आणि त्याच दिवशी तो बाद कर. तडा, आत काळा डाग, कडक झालेली वायर, यालाही तेच. वरून पांढरा क्षार बसलाय तो वेगळा, त्याने हीटर मेला असं होत नाही, प्लग काढून पूर्ण गार झाल्यावर व्हिनेगरमध्ये ठेवला की निघतो.

हीटरच्या डायलवर अजिबात विश्वास ठेवू नकोस. वेगळा थर्मामीटर टँकच्या दुसऱ्या टोकाला लाव आणि थोडे दिवस सकाळी नि रात्री उशिरा बघ. बहुतेक ट्रॉपिकल माशांना 24 ते 27 अंश चालतं, पण सेटिंगला हात न लावता पाणी दोन-दोन अंश वरखाली होत असेल किंवा पाणी पुरेसं गरम असूनही लाइट विझतच नसेल तर पट्टीचं काम बिघडलंय असं समज.

नवा घेताना एक मोठा घेऊ नकोस. लिटरमागे एक वॅट हा ढोबळ हिशोब, म्हणजे तुझ्या 100 लिटरला 50-50 वॅटचे दोन, दोन टोकांना. एक चिकटला तरी एकट्याने टँक उकळायची ताकद त्याच्यात नसते आणि एक बंद पडला तरी दुसरा थोडंफार सांभाळून घेतो. जमलं तर बाहेरचा टेंपरेचर कंट्रोलरही लाव, हीटरची पट्टी चिकटली तरी तो करंट तोडतो. आणि लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, आहे ना ते आधी तपास, माशांपेक्षा तुझा हात महत्त्वाचा.

पाणी बदलताना अर्धा तास आधी प्लग काढत जा, तापलेली काच उघडी पडून तिच्यावर गार पाणी पडलं की तडकते. आणि जुना हीटर स्पेअर म्हणून कपाटात ठेवू नकोस, गरज पडेल तेव्हा घाईघाईत तोच लावशील.

आज रात्री थर्मामीटर किती दाखवतो ते कळव, आणि आत वाफ दिसली तर मेसेज करत बसू नकोस, सरळ फोन कर.

तुझाच मित्र