मंत्रीमहोदय, माझ्या भावाचे पैसे त्याच्यासाठी कधी काढू द्याल?

प्रति,
मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

दिव्यांगांचं मासिक अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय सरकारने 2025 मध्ये घेतला, त्याबद्दल आभार. माझ्या भावाच्या खात्यात ते पैसे जमा होतात. पण ते कोणालाच काढता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

भाऊ 41 वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने शरीराच्या हालचालींवर ताबा नाही. सोबत बौद्धिक दिव्यांगत्व. युडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, 90 टक्के दिव्यांगत्व लिहिलंय. त्याची कायदेशीर पालक आई होती. ती पावसाळ्यात गेली. मी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेले, तर त्यांनी खात्यातले व्यवहारच थांबवले. नवीन पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा म्हणाले. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 प्रमाणे ते स्थानिक स्तर समिती देते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. अर्ज दिलाय. बैठक लागली की कळवू म्हणतात. ती कधी लागणार, हे कोणी सांगत नाही. तोवर त्याने काय करायचं? आई मेली हे त्याला अजून नीट कळलेलं नाही, आणि तुम्हाला त्याच्याकडून कागद हवेत.

त्यात परवा तलाठी म्हणाले, तो आता तुमच्या घरी राहतो, तर उत्पन्नाच्या दाखल्यात तुमच्या यजमानांचा पगार धरावा लागेल. त्याचं अनुदान संजय गांधी निराधार योजनेतून येतं आणि तिच्यात दिव्यांगाच्या कुटुंबाची उत्पन्न मर्यादा वर्षाला 50 हजार आहे. महिन्याला चार हजारांच्या आसपास. म्हणजे बहिणीने भावाला घरात घेतलं म्हणून त्याचं अनुदान जाणार. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख. त्या बायकांना मिळतंय ते मिळू दे, मला त्यांचा राग नाही. पण स्वतःच्या हाताने घास घेता न येणाऱ्या माणसाला 50 हजार आणि इतरांना अडीच लाख, हा हिशोब कोणी केला?

त्याला भरवायला तासभर लागतो. घाई केली की ठसका लागतो आणि घास छातीत उतरतो. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी शिवणकामाचं दुकान बंद केलं. माझी कंबर गेली. डॉक्टर म्हणतात, ओझं उचलू नका. त्याला उचलायचं कोणी? बारा तासांच्या मावशी महिन्याला सोळा हजार मागतात, आणि त्यांचं चूक नाही, काम तेवढं आहेच. वर डायपर, औषधं, फिजिओथेरपी. अडीच हजार हातात आले असते तरी डायपरलाच पुरले नसते.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यातून गेल्या खेपेला आम्हाला पिठाची गिरणी देऊ केली. मी म्हटलं, गिरणी नको, तेवढ्यात सहा महिन्यांचे डायपर येतील. तसं यादीत बसत नाही म्हणाले. यादी करणाऱ्यांपैकी एकाने तरी अशा माणसाला आंघोळ घातली आहे का? काय हवं ते सांभाळणाऱ्याला कळतं. त्यालाच कोणी विचारत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही आहे आणि बहुतेक सरकारं तिच्यातूनच निसटत आली आहेत. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत महिन्याला 600 रुपये तरी सांभाळणाऱ्याच्या नावाने मंजूर होतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण घरात राबणारं माणूस त्या सरकारच्या कागदावर आहे. आमच्या राज्यात 2011 च्या जनगणनेने 29 लाख 63 हजार दिव्यांग मोजले. त्यांच्यामागे राबणाऱ्या आया, बहिणी, सुना कोणी मोजल्या?

पैसा द्यायचा तर खात्याला कुलूप, वस्तू द्यायची तर नको ती. अनुदान खाणारे कुटुंबातच असतात, असं उत्तर मला एका अधिकाऱ्याने दिलं. असतील. पालकाने दरवर्षी हिशेब द्यावा, असं 1999 च्या कायद्यातच आहे. मी पावतीन् पावती द्यायला तयार आहे. पण काही जण चोर निघतील म्हणून आम्हा सगळ्यांना चोर धरणार का? आम्ही नसतो तर ही माणसं सरकारी निवासी संस्थांत असती आणि त्यांचा सगळा खर्च तुम्हालाच करावा लागला असता. आम्ही तो वाचवतो, आणि दाखला मात्र आम्हालाच आणायचा.

पालक वारला तर जवळच्या नातेवाइकाला महिन्याच्या आत तात्पुरता अधिकार मिळू द्या. सांभाळणाऱ्या भावंडांचं उत्पन्न दिव्यांगाच्या माथी मारू नका. काळजीवाहकाचा भत्ता सुरू करा आणि तो कशावर खर्चायचा हे घरच्यांना ठरवू द्या.

आणि माझ्या भावाचे आईच्या निधनानंतर जमा झालेले पैसे मला त्याच्यासाठी कोणत्या तारखेपासून काढता येतील, हे लेखी कळवा. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर नको. तारीख हवी.

आपली,
एका दिव्यांगाची बहीण