केसांचं घरी कर, चेहऱ्याचं नको

प्रिय मीनल,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले. रबरबँड, क्लिपा, हेअरबँड तर आता घरीच करणार, पण लिपस्टिक, ब्लश, काजळ आणि फेसपॅकसुद्धा यापुढे विकत आणणार नाही, असं तू लिहिलं आहेस. यादीचा पहिला भाग वाचून मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या भागाला मात्र माझा सरळ विरोध आहे. केसांत जे अडकवायचं ते सगळं हौसेनं घरी कर. चेहऱ्याला जे लावायचं ते बनवू नकोस, नीट पारखून घे. नुसतं 'नको' म्हटलेलं तुला कधी पटत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या कानशिलांजवळच्या केसांचं बोलू, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तू वर्षानुवर्षं एकाच जागी, घट्ट, ओढून पोनी बांधते आहेस. असा रोजचा ताण मुळांवर बसला की कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ व्हायला लागतात. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला त्या कडेला बारीक पुळ्या येतात, जागा ठणकते, आखूड तुटके केस उभे राहतात. या टप्प्यावर सैल बांधायला लागलं तर केस परत येतात. दुर्लक्ष करून तसंच रेटलं तर मुळंच कायमची जातात. दिवसाला ५० ते १०० केस गळणं अगदी स्वाभाविक आहे, त्यानं घाबरायचं कारण नाही. पण ते गळतात सगळ्या डोक्यातून. कडेची एकच रेघ विरळ होत असेल तर ते वेगळं, आणि ते त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घे. तोवर पोनी खाली, मानेजवळ आणि सैल बांध, आणि जागा बदलत राहा. ओले केस तर अजिबात बांधू नकोस. ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतोही लवकर.

आता स्क्रंची, म्हणजे इलॅस्टिकवर चुणीदार कापड चढवलेला केसांचा बँड. मला विचारशील तर सुरुवात हिनंच कर. रॉमी रेव्हसन नावाच्या एका अमेरिकन गायिकेनं हिचं पेटंट घेतलं, १९८७ साली. तिचे केस खराब झाले होते आणि धातूचे तुकडे असलेले बँड त्यांत अडकत होते. पायजम्याचा नेफा बघून तिला सुचलं की इलॅस्टिकवर कापड चढवलं तर केसांना इजा होणार नाही. नेफ्यात नाडी ओवता येणाऱ्या कुणालाही स्क्रंची जमते, ती यामुळेच.

कापडाची पट्टी ५५ सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद काप. इलॅस्टिक सहा मिलीमीटर रुंदीचं, २० सेंटीमीटर. कापड इलॅस्टिकच्या पावणेतीन पट लांब आहे, चुण्या पडतात त्या यामुळे. फार चुण्या नको असतील तर कापड ४५ वर आण, पण इलॅस्टिक कमी करू नकोस. ते आखूड केलंस की पुन्हा तीच घट्ट पोनी. पट्टी लांबीत दुमड, सुलट बाजू आत, आणि लांब कडेनं टीप मार. मशीन नसलं तरी अडत नाही. हातानं घालायची असेल तर धावदोरा घालू नकोस, ताण आला की तो तुटतो. उलटी टीप घाल, बारीक आणि जवळजवळ. मग नळीच्या एका टोकाला सेफ्टी पिन अडकवून ती आतून पुढे सरकवत ने आणि सगळी नळी सुलट कर.

यापुढचा भाग सावकाश कर. इलॅस्टिकच्या एका टोकाला सेफ्टी पिन लाव आणि दुसरं टोक नळीच्या तोंडाशी टाचणीनं पक्कं करून ठेव, नाहीतर ओवता ओवता ते आत ओढलं जातं. ओवून झालं की इलॅस्टिकला कुठे पीळ पडला नाही ना, ते बोटांनी चाचपून बघ. दोन्ही टोकं एकमेकांवर सेंटीमीटरभर चढव आणि त्यावर चौकोनी शिवण घाल. बरेच जण इथे गाठ मारतात. मला गाठ पसंत नाही. ती कापडातून हाताला लागते आणि झोपताना डोक्याखाली टोचते. शेवटी नळीचं एक तोंड आत दुमडून दुसरं त्यात सारायचं आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकायचं. हा जोड नीट बसला की स्क्रंचीला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळत नाही. मला या कामात सगळ्यात जास्त समाधान या जोडाचं मिळतं.

कापड कुठलं, हे तुझ्या केसांवर ठरव. सॅटिनची वीण गुळगुळीत असते, केसांवर घासत नाही, म्हणून कुरळ्या आणि कोरड्या केसांना ते उत्तम. पण तुझे केस सरळ आणि निसरडे आहेत. सॅटिनची स्क्रंची तुझ्या केसांवरून तासाभरात खाली येईल आणि मग तू ती तीनदा पिळून घट्ट करशील. तुला मऊ, वापरून धुतलेलं सुती कापडच बरं. जुनी ओढणी किंवा सदरा कामी येईल. नवं कापड घेतलंस तर कापण्याआधी धुऊन घे. ते आटतं, आणि गडद रंग असेल तर तो निघूनही जातो.

आता तुझ्या कानामागे येणाऱ्या खाजऱ्या लाल चट्ट्याबद्दल. क्लिप जिथे दाबते तिथेच तो येतो, असं तू लिहिलंस म्हणून सांगते, निकेलची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता आहे. स्वस्त धातूच्या पिना आणि क्लिपांमध्ये निकेल असतं आणि निकेल हे त्वचेच्या अ‍ॅलर्जीचं फार नेहमीचं कारण आहे. नकली कानातल्यांनीही तुझे कान सुजतात का? सुजत असतील तर संशय आणखी पक्का. अशा वेळी धातूला रिबनचं अस्तर लावून टाक. आडव्या बारीक रेघांची जाड रिबन मिळते ती घे. अस्तरही होतं आणि केसांवर पकडही बसते. क्लिपला रंगहीन नेलपॉलिशचा हात दिला तरी काही काळ निभावतं, पण तो थर झिजतो, पुन्हा द्यावा लागतो. चट्टा तरीही जात नसेल तर धातू सोड, प्लास्टिकचा क्लचर वापर.

क्लिपवर कापडी फूल किंवा बो चिकटवताना ग्लू गनचा ठिपका नुसत्या गुळगुळीत धातूवर टाकू नकोस, आठवड्यात सुटेल. आधी रिबन गुंडाळ, मग त्यावर चिकटव. पॉलिएस्टर रिबनची टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवली की कड वितळून बंद होते आणि दशा सुटत नाहीत. सुती रिबनवर मात्र हे करू नकोस, सूत वितळत नाही, पेटतं. तिथे कडेला नेलपॉलिशच लाव.

हेअरबँडबद्दल थोडंच लिहिते. बाहेरून सतत दाब बसला की डोकं दुखतं. हा डोकेदुखीचा एक स्वतंत्र प्रकारच आहे, आणि दाब काढला की तासाभरात ती थांबते. दुपारी डोकं जड होतं म्हणतेस त्या दिवशी हेअरबँड काढून बघ. नवा करशील तेव्हा कानामागे येणाऱ्या दोन्ही टोकांना फोमचा पातळ तुकडा घाल आणि मगच कापड गुंडाळ. कपाळावर पुढे ओढून घालू नकोस, घाम आणि घर्षण यांनी तिथे पुळ्या येतात. आणि स्क्रंची काय, हेअरबँड काय, कपड्यांबरोबर धुवायला टाकत जा.

आता चेहरा. बीटाचा रस आटवून ओठांना आणि गालांना लावायचा तुझा बेत आहे. बीटाचा रंग सुंदर असतो, मान्य. पण तो उजेडानं आणि उष्णतेनं फिका पडतो, आणि मुख्य म्हणजे त्यात पाणी असतं. पाणी असलेल्या कुठल्याही लेपात संरक्षक द्रव्य नसेल तर जंतू आणि बुरशी वाढायला वेळ लागत नाही, आणि ती डोळ्यांना दिसेपर्यंत आपण तो लेप कितीतरी वेळा लावलेला असतो. कंपन्या संरक्षक घालतात ते यासाठी, आणि त्याचं प्रमाण नेमकं मोजून घालावं लागतं. चिमटीनं जमणारं ते काम नाही. दालचिनीची पूड गालांना लावायचंही मनातून काढ, तिनं त्वचेला ठरलेली आग आणि अनेकांना अ‍ॅलर्जी. लिंबू तर सर्वांत आधी वगळ. त्वचेचा पीएच पाचच्या आसपास असतो, लिंबाचा दोनच्या, आणि हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा, म्हणजे आम्लता, जास्त. वर लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेले तपकिरी डाग कित्येक आठवडे जात नाहीत. 'नैसर्गिक' हा शब्द ऐकून आपण निर्धास्त होतो, मीनल, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

काजळ घरी करू नकोस, यावर मी वाद घालणार नाही. डोळा एकच जोडी आहे.

एवढं सगळं काढून घेतल्यावर एक गोष्ट तुझ्या पदरात टाकते. लिप बाम खुशाल घरी कर. त्यात पाणी नसतं, म्हणून तो टिकतो. मधमाशीचं मेण एक भाग, बदामाचं किंवा खोबऱ्याचं तेल तीन भाग. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून भांडं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेव. पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये. डबी आधी धुऊन पूर्ण कोरडी कर. मिश्रणाचा थेंब गार बशीवर टाकून बोटानं बघ. कडक वाटला तर तेल वाढव, पातळ वाटला तर मेण.

रोजच्या मेकअपला तुला पाच मिनिटं पुरतील. मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. सनस्क्रीनवर कंजुषी करू नकोस. एसपीएफ ३० म्हणजे त्वचा भाजणारी सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरणं अडतात आणि ५० ने सुमारे ९८, पण हे आकडे भरपूर जाड थर लावून मोजलेले असतात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबभर रेघ काढ, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला हवं. फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे म्हणून सनस्क्रीन टाळू नकोस, फाउंडेशन आपण एवढं कधीच लावत नाही. सनस्क्रीन मुरायला काही मिनिटं दे आणि वरचं सगळं थापटून लाव, घासून नाही. घासलंस की खालच्या थराच्या बारीक वळ्या निघायला लागतात.

डोळ्यांखालची वर्तुळं झाकली की राखाडी दिसतात, अशी तुझी जुनी तक्रार. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर थेट फिकट कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, लावला की खालचा निळसर काळेपणा त्यातून वर येतो आणि चेहरा राखेसारखा दिसतो. आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा, म्हणजे रंग मारणाऱ्या क्रीमचा, अगदी पातळ ठिपका दे. निळ्याला नारिंगी मारतो. तो अनामिकेनं थापटून जिरव, डोळ्याच्या कोपऱ्याशी जिथे खरा काळेपणा आहे तेवढ्याच जागी, आणि त्यावर तुझ्या रंगाचा कन्सीलर, तोही कमीच. फाउंडेशनची छटा मनगटावर बघू नकोस. जबड्याच्या कडेला रेघ ओढ, दहा-पंधरा मिनिटं थांब, कारण काही फाउंडेशन हवेनं गडद होतात, आणि खिडकीशी जाऊन दिवसाच्या उजेडात बघ. जी रेघ दिसेनाशी झाली ती छटा तुझी.

ओठांची लिपस्टिक गालांवर बोटानं पसरली की ब्लशचं काम झालं, वेगळा घ्यायची गरज नाही. पापण्यांवर मात्र ती लावू नकोस. ओठांसाठी चालणारे काही रंग डोळ्यांजवळ वापरायला योग्य नसतात. नवी कुठलीही वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघ. वेष्टनावर झाकण उघडलेल्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ६, १२ असे आकडे असतात. उघडल्यावर तितके महिने ती वस्तू चांगली. मस्कारा तर तीन महिन्यांनी टाकूनच दे, आणि तुझा कुणाला देऊ नकोस, कुणाचा घेऊ नकोस. रात्री मेकअप काढताना डोळे चोळत बसू नकोस. क्लेन्सिंग ऑइल किंवा बाम घे, कापसावर घेऊन मिटल्या पापणीवर थोडा वेळ नुसतं धरून ठेव, मग अलगद पुसून घे.

पहिली स्क्रंची झाली की तिच्या जोडाचा फोटो पाठव. आणि कानातल्यांचं विचारलंय, त्याचं उत्तर नक्की लिही. त्यावर तुझ्यासाठी क्लिपा कसल्या करायच्या ते ठरेल.

तुझीच,
शुभा

ता. क. हस्तकलेची चमकी क्लिपांवर हवी तितकी लाव, पण उरलेली पापण्यांवर लावायचा मोह टाळ. तिच्या कडा धारदार असतात, डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा पडू शकतो. डोळ्यांसाठी म्हणून बनवलेली चमकी वेगळी मिळते, तीच घे.