मंगळाच्या नकाशावर लोणार ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझा एमएस्सीचा प्रबंध मागच्या आठवड्यात सादर झाला, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. ईमेल पाठवूनही भागलं असतं, पण मला तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत. कारण ज्यांनी मला दारातूनच परत पाठवलं, तेही चारचौघांतच बोलले होते.

पर्सिव्हरन्स रोव्हर उतरवायला नासाने मंगळावरचं जेझेरो विवरच का निवडलं, एवढाच माझा प्रश्न होता. साठाहून अधिक जागा विचारात होत्या, पाच वर्षं शास्त्रज्ञ त्यावर वाद घालत होते, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये जेझेरोचं नाव जाहीर झालं. "मंगळाचं नंतर, आधी नेट-सेटचं बघा," असं एका सरांनी भरल्या वर्गात सुनावलं. दुसऱ्यांनी "तो डेटा आपल्याला कोण देणार?" म्हणून विषयच मिटवला. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याने टिपलेली मंगळाची छायाचित्रं जगात कुणालाही फुकट मिळतात, हे बघायचे कष्टही त्यांनी घेतले नव्हते. एखादी गोष्ट माहीत नसणं मी समजू शकते. विचारणाऱ्यालाच गप्प बसवायचं, हे मात्र अजून सलतं.

मग तोच प्रश्न मी तुम्हाला लिहून विचारला. तुमची-माझी ओळखदेख नव्हती. तरी उत्तर आलं, तेही मराठीत, आणि त्यात मार्क किती, कॉलेज कुठलं, यातलं काही नव्हतं. "गाव कुठलं तुझं?" एवढंच विचारलंत. मी लोणार लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र आलं. जेझेरोचा पश्चिमेकडचा भाग, त्यावर रोव्हर जिथे उतरणं अपेक्षित होतं ते 7.7 बाय 6.6 किलोमीटरचं लंबवर्तुळ, आणि त्याच्या पोटात, त्याच मापात काढलेलं आमचं 1.8 किलोमीटर व्यासाचं लोणार विवर. लोणारच्या वर्तुळाच्या ईशान्य कडेला पेन्सिलीचा एक छोटा बाण होता आणि त्यापुढे तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: धार.

मॅडम, त्या बाणाने माझं सगळं काम सोपं केलं. धार म्हणजे आमच्या विवराच्या कडेवरून वाहणारा झरा. त्याच्या पाण्याने कडा कोरत खाली गाळाचा पंखा पसरवलाय, त्यावरून मी शाळेत असल्यापासून चालत आलेय. नेरेत्वा खोऱ्यातून आलेल्या नदीने साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी जेझेरोत तेच केलं, फक्त अफाट प्रमाणावर. 45 किलोमीटरच्या त्या विवरात आमची पंचवीस लोणारं एका रांगेत बसतील. मग फरकही दिसायला लागला. लोणारच्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते खारं. जेझेरोला पूर्वेकडून वाट आहे, म्हणजे ते तळं कधीतरी काठोकाठ भरून वाहिलं होतं. हे मी कितीतरी शोधनिबंधांत वाचलं होतं. कळलं ते तुमच्या चित्रानंतर.

उतरायच्या धोक्याचंही तसंच झालं. पंख्याचा उभा कडा, वाळूचे पट्टे, मोठाले धोंडे, यांमुळे ही जागा पूर्वी फारच जोखमीची मानली जायची. उतरता उतरता खालचे फोटो काढून आधीच सोबत दिलेल्या नकाशाशी ताडून बघणारी आणि धोक्याची जागा टाळणारी यंत्रणा आली, तेव्हा कुठे जेझेरो हाताशी आलं. 18 फेब्रुवारी 2021 ला रोव्हर सुखरूप टेकला. गुसेव्ह विवराची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. तिथे जुनं तळं असणार म्हणून 2004 मध्ये स्पिरिट रोव्हर उतरवला आणि समोर आला लाव्हाचा खडक. इतकी हुशार माणसं इतका अभ्यास करून जागा निवडतात आणि मंगळ काही वेगळंच दाखवतो, हे ऐकून मला उलट धीर आला.

तुमच्या कामाच्या रगाड्यात त्या चित्राला तास-दीड तास तरी गेला असेल. त्याचा तुम्हाला काहीच फायदा नव्हता. आपल्याकडे ज्ञानी माणसं पुष्कळ आहेत. समोरच्याचं गाव विचारून, तिथून हात धरून पुढे नेणारी फार थोडी. अशा माणसांच्या जोरावरच आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुली टिकतात, आणि हे मी अगदी मनापासून लिहितेय.

शेवटच्या फोनवर तुम्ही विचारलं होतं, "निवड तुझ्या हातात असती तर?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सांगते. मीही जेझेरोच निवडलं असतं. नदीने लांब-लांबचे खडक एका जागी आणून टाकलेत, आणि पंख्याच्या तळाशी बसलेली बारीक चिकणमाती जीवसृष्टीच्या खुणा जपून ठेवायला सर्वांत चांगली. पण विचारात असलेल्या दुसऱ्या जागेचे, ईशान्य सिर्टिसचे जुने, जागचे न हललेले खडक सोडवत नाहीत, म्हणून रोव्हरला पुढे जेझेरोच्या काठावर चढायलाही लावलं असतं. डिसेंबर 2024 मध्ये तो चढलाच! तिथल्या खडकांच्या छायाचित्रांवर मी काही टिपणं काढलीत. या रविवारी तुमच्या सोयीने फोन करू का?

तुमची,
लोणारची विद्यार्थिनी