प्रिय अंता, माईबद्दल

प्रिय अंता,

हे पत्र वाचून झालं की माईला फोन कर. आधी पूर्ण वाच मात्र. नेहमीसारखा अर्ध्यातच फोन उचललास तर तिला असं काही ऐकवशील की ती पुन्हा वर्षभर आपल्या दोघांशी बोलायची नाही. माझी तब्येत बरी आहे. गुडघा तसाच, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं.

माईने संधिवाताच्या गोळ्या बंद केल्या आहेत. हे आत्तापर्यंत फक्त मला माहीत होतं. कुणाला सांगणार नाही असं तिने माझ्याकडून वदवून घेतलंय, पण तुला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आपण तिघं नानांसमोर ज्या खोलीत ध्यानाला बसायचो तिथे काय शिकलो आणि काय नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला समजावणार?

तिची भाची तिला एका शिबिराला घेऊन गेली होती. सकाळी ध्यान, मग श्वासाचे प्रकार, दुपारी ऊर्जा-उपचार, रात्री गोल बसून मनातलं बोलायचं. परत आली ती खरोखर टवटवीत होऊन. झोप लागायला लागली, फोनवर हसायला लागली. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही, आणि तेवढ्या भागात आजही वाटत नाही. तिचे डॉक्टर चांगले आहेत, पण दाराबाहेर रांग असते. रिपोर्ट बघायचा, डोस लिहायचा, पुढचा पेशंट. इतकी वर्षं दुखणं अंगावर वागवणाऱ्या बाईचं कुणी तासभर शांतपणे ऐकून घेतलं, तर ती तिथे परत जाणारच. तू म्हणशील ‘भोळी आहे’. ती भोळी नाही, एकटी आहे, आणि हे तुलाही माहीत आहे.

बिघडलं ते तिथल्या तक्त्याने. कुठल्या अवयवाचं दुखणं कुठल्या भावनेतून येतं, याचा मोठा तक्ता भिंतीवर लावलेला होता. सांधे म्हणजे मनात धरून ठेवलेला राग, न केलेली क्षमा. माईने घरी येऊन यादी केली, कुणाकुणाला क्षमा करायची राहिली त्यांची. तिच्या सासूबाई, थोरले दीर, आणि अंता, चौथ्या नंबरवर तू! तिचं नेलेलं पुस्तक परत न केल्याबद्दल. मी हसलो, तीही हसली. मग म्हणाली, “अरे, पण त्याला मी खरंच क्षमा केली हो, तरी बोटं सुजतातच.”

आता गोळ्यांचं. ती घेते ते मेथोट्रेक्सेट. त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. बंद केल्यावर दुखणं उसळायलाही मध्ये असाच काळ जातो. त्यात हा रुमॅटॉइड संधिवात मुळातच आपोआप कमी-जास्त होणारा. म्हणजे गोळ्या सोडल्यावरचे सुरुवातीचे आठवडे बरे जाणारच होते, आणि ते सगळं श्रेय उपचाराच्या खात्यात जमा झालं. शिबिरात तिने उभं राहून आपला अनुभव सांगितला, त्याची चित्रफीत काढली, ती फिरली. लोकांनी तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि मग बोटं सुजली. आता ती सत्संगाला जाते ती हात शालीखाली घेऊन. कुणी विचारलं तर ‘छान आहे’ म्हणते. तिथल्या एका जाणत्या बाईंना तिने कसंबसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, साधना वाढवा, कुठेतरी विरोध आहे आत.

मला म्हणाली, “सदा, माझीच श्रद्धा कमी पडते रे.”

या एका वाक्यावर मी गेले कित्येक दिवस झोपलेलो नाही. दुखणं समजतं मला. पण दुखणं असल्याची लाज? बुद्धांनी दोन बाण सांगितले होते, आठवतं? एक शरीराला लागतो, दुसरा आपण आपल्याच मनाने मारून घेतो, आणि साधना त्या दुसऱ्यासाठी. माईला कुणीतरी तिसरा मारलाय, की पहिला बाणही तुझा तूच ओढवून घेतलास. आणि तो मारला अध्यात्माचं नाव घेऊन. मला सर्वांत जास्त लागलंय ते हे.

तू लगेच म्हणशील, ‘मग मी पंचवीस वर्षं काय सांगत होतो?’ थांब. तू सांगत होतास की हे सगळंच थोतांड आहे, आणि ते मला आजही मान्य नाही. आपलं ते मोठं भांडण, पावसात, गच्चीच्या जिन्यात. तू त्या अमेरिकन मुलीचा किस्सा इतक्या चवीने सांगितलास की माई रडायला आली होती. एमिली रोझा, नऊ वर्षांची, शाळेच्या प्रयोगासाठी तिने पडद्याआड बसून हातांनी ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या २१ उपचारकांची परीक्षा घेतली. तिचा हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे एवढंच ओळखायचं होतं. ४४ टक्के वेळा बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवूनही याहून बरं आलं असतं. १९९८ साली ते अमेरिकेतल्या बड्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खरं आहे, मी कधीच नाकारलं नाही. पण माई तेव्हा विचारत होती की हात ठेवल्यावर मला बरं का वाटतं, आणि तू तिला उत्तर देत होतास की ऊर्जा नाही. तुझं उत्तर बरोबर होतं, फक्त ते तिच्या प्रश्नाचं नव्हतं.

तुझा तो प्रार्थनेचा अभ्यासही मी या आठवड्यात पुन्हा काढून वाचला. २००६ चा, हर्बर्ट बेन्सन यांच्या चमूचा, बायपासच्या १८०२ रुग्णांचा. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेले आणि न झालेले यांच्यात काही फरक नाही, गुंतागुंत ५२ टक्के आणि ५१ टक्के. आणि ज्यांना पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात ५९. तू तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्यास. तो आकडा निव्वळ योगायोगाचाही असेल. पण या वेळी वाचताना मला त्या तिसऱ्या गटात माई दिसली. इतकी माणसं आपल्यासाठी डोळे मिटून बसलीत, आता आपण बरं व्हायलाच हवं, हे ओझं घेऊन पडलेली.

आणि गंमत म्हणजे हेच बेन्सन १९७५ मध्ये सांगत होते की एखाद्या शब्दावर शांतपणे मन ठेवून बसलं तर श्वास मंदावतो, हृदयाचे ठोके उतरतात, शरीर प्राणवायू कमी वापरतं. ते हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ, ध्यान करणाऱ्यांना प्रयोगशाळेत बसवून मोजमाप केलेलं. एकाच माणसाने दोन्ही तपासलं आणि दोन्ही जसं आलं तसं मांडलं. आपण दोघांनी मात्र त्याचं एकेक टोक धरून भांडण केलं.

ताणाने दुखणं वाढतं, हे माईचे डॉक्टरही सांगतात. पण ‘वाढतं’ इथून ‘त्यामुळेच झालं’ इथवर उडी कशी मारायची? शिबिरात म्हणे सांगतात की ही ऋषींची विद्या आहे. मी शोधत गेलो तर वाट भलतीकडेच निघाली. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये मेस्मर नावाचे डॉक्टर अदृश्य चुंबकद्रवाने रोगी बरे करत. १७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए. डोळे बांधून बघितलं तर द्रव दिला आहे असं नुसतं सांगितलं की झटके यायचे, न सांगता दिला की काही नाही. मग १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या क्विम्बी नावाच्या एका घड्याळजीने मेस्मरची विद्या पाहिली आणि पुढे शिकवायला लागला की रोग म्हणजे चुकीची समजूत, समजूत बदला की रोग गेला. आज जे ‘विचार बदला, शरीर बदलेल’ म्हणून ऐकू येतं त्याची एक मोठी मुळी तिथे आहे. माणसाला कुठूनही शहाणपण मिळो, माझी ना नाही. पण ते ऋषींच्या नावावर खपवून माईच्या माथी गुन्हा मारू नका.

चक्रांच्या रंगांचंही तेच. तुला आठवतं ना, नानांच्या वहीत अनाहत, म्हणजे हृदयाजवळचं चक्र, कुठल्या रंगाचं काढायचं यावरून आपण दोघं कसे भांडलो होतो, आणि तू चिडून माझी पेन्सिल मोडलीस? तू हिरवं म्हणत होतास, कुठल्याशा रंगीत तक्त्यावरून. पूर्णानंदांच्या १५७७ च्या षट्चक्रनिरूपण या ग्रंथात अनाहत बंधूकाच्या फुलासारखं लाल आहे. इंद्रधनुष्याचे सात रंग ओळीने सात चक्रांना वाटले गेले ते विसाव्या शतकात. म्हणजे मी बरोबर होतो. पेन्सिल देणं लागतोस.

आणि जुनं खरंच बघायचं तर पतंजलींनी योगाच्या वाटेवरचे नऊ अडथळे सांगितलेत, त्यात पहिलाच व्याधी. व्याधी, मग मनाची मरगळ, संशय वगैरे. अडथळा म्हटलंय, शिक्षा नाही म्हटलं. चरकांनी उपचारांचे तीन प्रकार वेगवेगळे ठेवले: मंत्र-जप-व्रतांचा दैवव्यपाश्रय, आहार-औषधांचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरण्याचा सत्त्वावजय. तिन्हींना जागा आहे, एकाने दुसऱ्याला घराबाहेर काढलेलं नाही. नाना तरी काय करत? आधी रक्तदाबाची गोळी, मग आसन. रोज. गोळी सापडेना तेव्हा ध्यान थांबवून अख्खी खोली शोधायला लावली होती त्यांनी आपल्याला.

माईला मी काल रमण महर्षींचं सांगितलं. डाव्या हातावर गाठ आली, सार्कोमा, म्हणजे कर्करोगच, १९४९ मध्ये पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, एप्रिल १९५० मध्ये देह ठेवला. रामकृष्णांना घशाचा कर्करोग, १८८६. शिष्यांनी फार आग्रह केला की मातेकडे एवढं तरी मागा, दोन घास गिळता येऊ देत. ते विचारून आले आणि म्हणाले, मातेने तुम्हा सगळ्यांकडे बोट दाखवलं, इतक्या तोंडांनी जेवतोसच ना! निसर्गदत्त महाराजही घशाच्या कर्करोगानेच गेले, १९८१ मध्ये. कृष्णमूर्ती स्वादुपिंडाच्या, १९८६. मी माईला विचारलं, यांची श्रद्धा कमी पडली का? यांनी कुणाला क्षमा करायची ठेवली होती? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ते मोठे लोक रे.” म्हणजे त्यांना आजारी पडायची परवानगी आहे, हिला नाही.

तिने ध्यान सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. उलट मला वाटतं या दुखण्यात तिला त्याची खरी गरज आहे. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात काबाट-झिन यांनी जुनाट वेदनेच्या रुग्णांना ध्यान शिकवायला घेतलं, सुरुवातीला दहा आठवड्यांचा क्रम, पुढे आठ. डॉक्टरांनीच पाठवलेले रुग्ण, औषधं चालू. वेदना घालवून देतो असं वचन नव्हतं, वेदनेसोबत बसायचं कसं ते शिकवायचं. माईला हे येतं! आपल्या तिघांत तिलाच सर्वांत चांगलं येत होतं. तू डुलक्या घ्यायचास, मी घड्याळ बघायचो, ती बसायची. आता तीच बसते आणि डोळे उघडून बोटांची सूज उतरली का ते बघते. तिची सगळी बैठक परीक्षेला लागली आहे. ही तिची केवढी लूट झाली, हे तुला कळतंय ना अंता? तिच्या सांध्यांचं जे व्हायचं ते होवो, पण जिथे तिला काही मिळवायचं नव्हतं, नुसतं असायचं होतं, ती एकच जागा होती तिच्याकडे.

सांध्यांचं ‘होवो’ लिहून गेलो, पण तेही सोडून चालणार नाही. या आजारात हाडांची झीज झाली की ती भरून येत नाही. सोमवारी डॉक्टरांकडे तिला मी घेऊन जाणार आहे, महत्प्रयासाने हो म्हणाली आहे. रविवारी रात्री तिचा विचार फिरेल, मला खात्री आहे. म्हणून तू शनिवारी संध्याकाळी फोन कर, दुपारी ती झोपते. एमिली काढू नकोस, फ्रँकलिन काढू नकोस, ‘मी म्हणत होतो’ तर चुकूनही नको. तिला विचार, बोटं कशी आहेत. ती ‘छान’ म्हणेल. मग पुन्हा विचार. तू चेष्टा करणारा माणूस, तुझ्यापुढे श्रद्धेची परीक्षा द्यायची नसते तिला, म्हणून तुलाच खरं सांगेल. भाचीशीही तूच बोल, ती चित्रफीत काढून टाकायला सांग. मुलगी वाईट नाही, मावशीचं भलंच बघत होती.

तुझ्या निवृत्तीचं कळलं. थोरल्याचं घराचं काम पूर्ण झालं का? वहिनींचं मणक्याचं दुखणं कसं आहे ते सविस्तर लिही, आणि त्यांना नमस्कार सांग.

तुझा,
सदा

ता. क. गोळ्या पुन्हा कधी, किती, कशा सुरू करायच्या ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. तू उत्साहाच्या भरात ‘आजच घे’ म्हणू नकोस. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि राहिलेलं भरून काढू म्हणून माई नेमकं तेच करेल.